समुद्र कोणीं हटविला?

प्रत्येक सागरतीरास आपल्या जन्माची एक कथा असते. आपल्या कोंकणपट्टीची कथा महाराष्ट्रांत लहानथोरांस ठाऊक आहे. परशुरामानें सारी पृथ्वी कश्यपास दान केली. स्वतःस राहावयास जागा उरली नाहीं. तेव्हां त्यानें सह्याद्रीवरून बाण सोडून समुद्रास मागें सारलें आणि मोकळ्या झालेल्या भूमीवर वस्ती केली. ही कथा भाविकांनीं ऐकली, कीर्तनकारांनीं रंगविली, कवींनीं वापरली. त्यांत कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु गेल्या कांहीं दशकांत तिला एक नव्या जातीचा भाष्यकार लाभला आहे. तो व्याख्यानांतून, स्मरणिकांतून व प्रवासवर्णनांतून आपणांस असें सांगतो कीं, ही कथा म्हणजे रूपकाच्या वेषांतलें भूशास्त्र होय. कोंकण समुद्रांतून वर आलें हें पाश्चात्त्यांस आतां कळलें, तें आपल्या पूर्वजांस आधींच ठाऊक होतें. त्याच्या समोर दुसरा पक्ष उभा आहे. त्याच्या मतें जी कथा शास्त्राशीं जुळत नाहीं ती भाकड, आणि भाकड कथा वाचण्यांत वेळ दवडणें हें अडाणीपणाचें लक्षण. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे वैरी म्हणवितात. पण कथेचें मोल तिच्या भूशास्त्रावरून ठरवावें, याविषयीं त्यांचें एकमत आहे. आमचा वाद या एकमताशींच आहे. तो मुळांत वाचनाचा वाद असल्यामुळें वाङ्मयविषयक मासिकांत त्याची चर्चा अप्रस्तुत होणार नाहीं.

प्रथम कथा काय म्हणते तें पाहूं. महाभारताच्या शांतिपर्वांत ही हकीकत अगदीं थोडक्यांत आहे. कश्यप परशुरामास म्हणतो कीं, आतां ही भूमि माझी झाली, येथें तुझें राहणें योग्य नव्हे, दक्षिण समुद्राच्या तीरीं जा. आणि मग समुद्र स्वतःच त्या जामदग्न्यासाठीं शूर्पारक नांवाचा देश मोकळा करून देतो. कालिदासाच्या रघुवंशांत चौथ्या सर्गांत रघूची सेना या किनाऱ्यावरून जाते, तेव्हां कवि अशी उत्प्रेक्षा करतो कीं, परशुरामाच्या अस्त्रानें दूर लोटलेला समुद्र सैन्याच्या रूपानें पुन्हां सह्याद्रीस येऊन भिडल्यासारखा दिसला. पुढें, जें स्कंदपुराणाचा भाग म्हणवितें आणि ज्याची प्रत डॉ. गर्सन द कुन्हा यांनीं इ. स. १८७७ मध्यें मुंबईस छापून प्रसिद्ध केली, त्या सह्याद्रिखंडांत कथेस वसाहतीचें रूप आलें : या नव्या भूमीवर कोणास आणून वसविलें, कोणत्या ज्ञातीची उत्पत्ति कशी, याचा तपशील तेथें भरला आहे. केरळांतहि हीच कथा आहे, आणि तेथें बाणाच्या जागीं परशु फेंकला जातो.

या सर्व रूपांत कायम राहिलेला भाग कोणता? बाण कायम नाहीं, परशु कायम नाहीं, हटलेल्या समुद्राची मर्यादाहि कायम नाहीं. कायम आहे तें दात्याचें निराश्रित होणें. ज्यानें सर्व जिंकलें आणि सर्व देऊन टाकलें, त्यास दिलेल्या भूमीवर पाऊल ठेवण्याचा अधिकार राहिला नाहीं. त्यास अशी जागा हवी कीं जी कोणाचीच नव्हती. म्हणजे कथेंतला प्रश्न हक्काचा आहे. समुद्र हा त्या प्रश्नाचें उत्तर देण्यापुरता येतो. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे कथेकडे भरती-ओहोटीचें टिपण म्हणून पाहणें हें शाकुंतलाकडे मुद्रिकांचें माहितीपत्रक म्हणून पाहण्यासारखें वाटूं लागतें.

आतां कातळ काय म्हणतो तें पाहूं. भारत, आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हीं एके काळीं एकाच दक्षिण महाखंडाचीं अंगें होतीं. तें फुटत गेलें. सुमारें नऊ कोटी वर्षांपूर्वीं मादागास्कर भारतापासून अलग झाला. त्या ताटातुटीच्या वेळीं वर आलेल्या खडकाचे अवशेष उडुपीजवळ मलपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवर स्तंभांच्या रूपानें उभे आहेत. पुढें सुमारें सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीस भेगा पडून लाव्ह्याचे लोटामागून लोट बाहेर आले. त्यांनीं झांकलेला प्रदेश झिजून गेल्यावरहि आज सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर भरतो; १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर त्याच थरांचें बनलें आहे. यानंतर, सुमारें सहा कोटी तीस लक्ष वर्षांपूर्वीं, भारताच्या पश्चिम अंगाचा आणखी एक तुकडा सुटला. तोच आज सेशेल्स द्वीपसमूहाच्या रूपानें मुंबईपासून तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर महासागरांत उभा आहे. महासागराच्या मधोमध असूनहि त्या बेटांवर सुमारें पंचाहत्तर कोटी वर्षांचा ग्रॅनाइट सांपडतो, याचें कारण तो खंडाचा तुकडा आहे.

हा तुकडा सुटला तेव्हां मधल्या भेगेंत नवें सागरतळ तयार होऊं लागलें, आणि कोंकणासमोरचा समुद्र जन्मास आला. ही भेग ज्या रांगेवर आजहि उघडत आहे तिला कार्ल्सबर्ग रांग म्हणतात. इ. स. १९६२ मध्यें 'ओवेन' नांवाच्या ब्रिटिश जहाजानें त्या रांगेवर चुंबकीय मोजणी केली, आणि पुढच्याच वर्षीं फ्रेड व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज या दोघांनीं तिच्या आधारें असें दाखविलें कीं, रांगेच्या दोन्ही बाजूंस खडकांत उलटसुलट चुंबकत्वाचे पट्टे असले पाहिजेत, कारण सागरतळ मध्यावर निर्माण होऊन दोहों बाजूंस सरकत असतें. भूकवचाच्या पट्टांची जी उपपत्ति इ. स. १९६८ च्या सुमारास जगन्मान्य झाली, तिचा एक मुख्य पुरावा अशा रीतीनें आपल्याच समुद्रांतून वर आला.

या वृत्तान्तांत समुद्राच्या हटण्यास जागा कोठें आहे? येथें कातळ जुना आणि समुद्र नवा आहे. कोंकणची भूमि समुद्राच्या पोटांतून निघाली नाहीं. समुद्रच भूमीच्या पोटांतून निघाला. आणि सह्याद्रि व सागर यांच्यामधली सखल पट्टी कोणीं केली, असें विचाराल तर आज बहुतेक अभ्यासक पावसाकडे व नद्यांकडे बोट दाखवितात : सह्याद्रीचा कडा पूर्वीं किनाऱ्याच्या पुष्कळ जवळ होता, तो कोट्यवधि वर्षें झिजत झिजत पूर्वेकडे सरला, आणि त्याच्या पायथ्याशीं जें राहिलें तें कोंकण. म्हणजे मागें हटला तो सह्याद्रि! शिवाय काळाचें मान पाहावें. मनुष्यजातीचें वय सुमारें तीन लक्ष वर्षें. ती सहा कोटी वर्षांपूर्वींची आठवण कोणत्या कोठारांत जपून ठेवणार?

येथें प्रतिपक्ष असें म्हणूं शकेल कीं, कोट्यवधि वर्षांची गोष्ट सोडा, मनुष्याच्या आठवणींतल्या समुद्राचें बोला. हा आक्षेप प्रामाणिक आहे. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, हिमयुगाच्या ऐन भरांत, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होती. बर्फ वितळलें तशी ती चढत गेली, आणि सहासात हजार वर्षांपूर्वीं आजच्या जवळपास येऊन स्थिरावली. तेव्हां या किनाऱ्यावरच्या मनुष्यानें जर कांहीं पाहिलें असेल तर तें समुद्राचें पुढें येणें. मुंबईचाच दाखला घ्या. इ. स. १८८० मध्यें खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकचें खोदकाम चालू असतां चिखलाखालीं, समुद्रपातळीच्या कितीतरी खोल, खैराच्या झाडांचे बुंधे जागच्या जागीं उभे सांपडले. जेथें झाडें उभीं होतीं तेथें पाणी आलें, असाच त्याचा अर्थ. उलट पक्षीं, कोंकणांत कांहीं ठिकाणीं शंखशिंपल्यांचा व वाळूचा दगडासारखा घट्ट झालेला थर आजच्या भरतीच्या रेषेहून किंचित् वर आढळतो, आणि तेवढ्यापुरतें पाणी मागें गेलें असें म्हणावें लागतें. एखाद्या खाडीकांठीं एखाद्या स्थानिक कथेस त्यापासून बीज मिळालें असेल, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण दोनचार मीटरांची पुळण म्हणजे कोंकण नव्हे.

शास्त्राशीं लग्न लावलेल्या कथेची पुढें काय गति होते, याचें उदाहरण आपल्या शेजारींच आहे. इ. स. १८६४ मध्यें फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञानें, लेमर जातीचे प्राणी मादागास्करांत आहेत व त्यांच्याशीं नातें सांगणारे भारतांतहि आहेत याचा उलगडा करण्यासाठीं, हिंदी महासागरांत बुडालेल्या एका खंडाची कल्पना केली आणि त्यास लेमुरिया असें नांव दिलें. तामिळ देशांत जुन्या ग्रंथांतील समुद्रानें गिळलेल्या भूमीच्या उल्लेखांशीं या खंडाची सांगड घालण्यांत आली. पुढें खंडेंच सरकतात हें सिद्ध झालें, बुडालेल्या खंडाची गरज उरली नाहीं, आणि शास्त्रज्ञांनीं लेमुरिया टाकून दिला. त्या जुन्या तामिळ काव्याच्या मार्मिक शोकास मात्र आज विनाकारण एका मृत उपपत्तीचा भार वाहावा लागतो. शास्त्राचा धर्मच असा आहे कीं तें आपलीं मतें टाकतें. ज्यास आपली कथा दीर्घायु व्हावी असें वाटतें त्यानें ती अशा चंचल सोबत्याच्या हातीं देऊं नये.

येथवर कोंकणाचें झालें. परंतु या कातळाची कहाणी कोंकणाच्या किनाऱ्यावर संपत नाहीं, आणि तिचा जो भाग आपल्या वाङ्मयास सर्वांत जवळचा असावयास हवा होता, तोच त्यांत जवळजवळ नाहीं. भूगर्भांतील ज्या उष्ण स्थानामुळें दख्खनचा लाव्हा वर आला, तेंच पुढें लक्षद्वीप, मालदीव व चागोस यांच्या बुडालेल्या रांगेच्या मुळाशीं आहे, आणि तेंच आज रियुनियन बेटाखालीं जागें आहे, असें पुष्कळ भूवैज्ञानिक मानतात. दख्खनचा उद्रेक भूकवच ताणलें गेल्यामुळें झाला असें म्हणणारे थोडे आहेत. पण रांगेंतील खडकांचें वय उत्तरेकडून दक्षिणेकडे कमी कमी होत जातें ही गोष्ट वादाची नाहीं. आमच्या इतवारींतला कोणताहि शिंपी यांतलें मर्म चटकन् समजेल. यंत्राची सुई जागच्या जागीं वरखालीं होते, कापड सरकतें, आणि टांक्यांची ओळ उमटते. येथें सुई म्हणजे तें उष्ण स्थान, आणि कापड म्हणजे वरचें भूकवच. भारत तर त्या काळीं वर्षास पंधरा सेंटिमीटरांच्या वेगानें उत्तरेस धांवत होता. आपल्या मराठी पुस्तकांत खंडें 'तरंगतात' असें जें सर्रास लिहिलें जातें तें येथें वाचकास फसवितें, कारण तरंगणें म्हटलें कीं खालीं पाणी आलें. भूकवचाखालचा खडक घनच असतो, फक्त युगानुयुगें अतिशय मंद वाहतो. एका बेसावध क्रियापदानें सारें शास्त्र कसें ओलें होतें, याचा हा नमुना आहे.

या टांक्यांच्या ओळींतला एक अलीकडचा टांका म्हणजे मॉरिशस. त्याचे सर्वांत जुने उघडे खडक सुमारें नव्वद लक्ष वर्षांचे. शेजारचें रियुनियन त्याहून तरुण, आणि तेथील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजहि वरचेवर पेटतो. इ. स. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मॉरिशसच्या ऊंसमळ्यांवर सुमारें साडेचार लक्ष हिंदी मजूर करारानें नेण्यांत आले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेलीं, रत्नागिरी व आसपासच्या मुलुखांतलीं, मराठी बोलणारीं माणसें होतीं. त्यांचे वंशज आज घरांत बहुधा क्रिओल बोलतात. पण गणेशचतुर्थी तेथें सार्वजनिक सुटीचा दिवस आहे, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत मराठीचें अध्यापन होतें. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर नाचणी पिकविणारीं हीं माणसें सागर ओलांडून गेलीं आणि मळ्यांतले काळे दगड वेंचून त्यांचे ढीग रचूं लागलीं, तेव्हां एकाच भट्टींतून निघालेल्या दोन दगडांना त्यांचे हात लागले होते. त्यांस हें कळण्याचा मार्ग नव्हता. आपणांस आहे, आणि तरी मॉरिशसच्या मराठी माणसांविषयीं आमच्या वाचनांत जें लेखन आलें, त्यांत गणपति आहे, भजन आहे, भाषेची चिंता आहे, हा दगड नाहीं.

त्याच बेटावर ग्रां बासें नांवाचें एक सरोवर आहे. तें विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखांत सांचलेलें पाणी होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथें शिवरात्रीची यात्रा भरते, आणि गंगेशीं त्याचा गुप्त संबंध आहे अशी श्रद्धा असल्यामुळें त्यास गंगा तलाव म्हणतात. हजारों कोसांवर टाकलेल्या मनुष्यास परक्या भूमीवर पाय रोवण्यासाठीं कथा लागते. ती त्यानें निर्माण केली, आणि तिच्या खरेपणासाठीं जलवाहिन्यांचा नकाशा मागणारा मनुष्य आम्हीं तरी पाहिला नाहीं. परशुरामाची कथा याच जातीची आहे. नव्यानें आलेल्यानें भूमीशीं नातें जोडण्याची ती कथा आहे.

मात्र दोहोंत एक मोठा भेद आहे, आणि आमच्या मतें या साऱ्या वादाचा कांटा तेथेंच आहे. मॉरिशस खरोखरच निर्मनुष्य होतें, इ. स. १६३८ मध्यें डचांनीं वसाहत केली त्यापूर्वीं तेथें मनुष्याची वस्ती नव्हती. कोंकण तसें नव्हतें. या किनाऱ्यावर जाळीं टाकणारे, डोंगरउतारावर रानें राखणारे लोक कथेंतल्या वसाहतीपूर्वींहि होते. 'ही भूमि कोणाचीच नव्हती, ती समुद्रांतून आमच्यासाठींच निघाली' हें वाक्य काव्यांत शोभतें, कारण तेथें तें एका निराश्रिताच्या तोंडीं असतें. तेंच वाक्य शास्त्र म्हणून छापलें कीं तें सात-बाराच्या उताऱ्यासारखें वागूं लागतें, आणि आधीं असलेल्या माणसांचीं नांवें त्यांतून खोडलीं जातात. कथेस शास्त्र बनविणारांचा हेतु असा असतो असें आम्ही म्हणत नाहीं. परिणाम मात्र हाच होतो. आणि कथा भाकड म्हणून फेंकून देणाऱ्या पक्षास हा परिणाम दिसतच नाहीं, कारण त्यानें ती वाचलेलीच नसते.

नागपुरास बसून समुद्राच्या या गोष्टी कशाला, असें कोणी म्हणेल. पण लाव्ह्याचा तो महापूर पूर्वेकडे येत येत जेथें थांबला ती कड आमच्या गांवाजवळच आहे. सीताबर्डीची टेकडी इ. स. १८१७ च्या लढाईसाठीं प्रसिद्ध आहे. ती त्याच कातळाची आहे, हें तिच्या पायथ्याशीं रोज बाजार करणारांपैकीं कितींना ठाऊक असेल? तेथून पूर्वेस भंडाऱ्याच्या वाटेला लागलें कीं त्याहून कितीतरी जुने खडक सुरू होतात. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश धर्मोपदेशक इ. स. १८४५ मध्यें येथें आला. त्यानें व त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यानें टाकळीच्या आसपास लाव्ह्याच्या दोन थरांमध्यें दबलेले गोड्या पाण्यांतले शंख शोधून काढले, आणि इ. स. १८५५ मध्यें नागपूरच्या भूरचनेवरचा त्यांचा निबंध लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध झाला. त्या शंखांचा अर्थ असा कीं, एक लोट निवल्यावर दुसरा येईपर्यंत येथें तळीं सांचत होतीं व जीव नांदत होते. मुंबईस वरळीच्या थरांत दगड होऊन पडलेले चिमुकले बेडूकहि हीच साक्ष देतात.

हाच हिस्लॉप गोंडांच्या वस्त्यांतून हिंडून त्यांची भाषा व गीतें टिपीत असे. इ. स. १८६३ मध्यें टाकळघाटाजवळ ओढ्याच्या पुरांत त्याचा अंत झाला. त्यानंतर त्याचीं टिपणें सर रिचर्ड टेंपल यानें इ. स. १८६६ मध्यें छापलीं. गोंडांच्या लिंगोदेवाची कथा त्यांत आहे. एकाच मनुष्याच्या एका हातांत शंख होता आणि दुसऱ्या हातांत गीत होतें. शंखास त्यानें खडकाचें वय विचारलें. गीतास गोंड लोक स्वतःस काय समजतात तें विचारलें. त्याचीं धर्ममतें कोणास पटोत वा न पटोत, पण कोणत्या वस्तूस कोणता प्रश्न विचारावा याचा विवेक त्याच्या कामांत दिसतो, आणि तेवढाच विवेक आम्ही आमच्या भाष्यकारांकडे मागत आहों. आणखी एक गोष्ट. फुटलेल्या ज्या महाखंडाची कहाणी वर सांगितली, त्याचें जगभर रूढ झालेलें नांव गोंडवनावरून पडलें आहे : भारतांतील एका शिलासमूहास मेडलिकट यानें इ. स. १८७२ मध्यें तें दिलें, आणि एडुआर्ड झ्यूस यानें इ. स. १८८५ मध्यें तें साऱ्या महाखंडास लावलें. बख्त बुलंदाच्या या नागपुरांत गोंडांचें नांव किल्ल्यांच्या अवशेषांवर उरलें. पृथ्वीच्या इतिहासांत तें सहा देशखंडांवर पसरलें आहे.

आपल्या मराठी गद्यानें या विषयाकडे वळावें, एवढेंच आमचें मागणें आहे. मुंबईच्या सात बेटांचें वर्णन आपण बहुधा इ. स. १६६१ च्या आंदणापासून सुरू करतों. त्या बेटांचे थर पश्चिमेकडे समुद्रांत उतरते झालेले आहेत. ज्या फाटाफुटींत सेशेल्स गेलें तिच्या काळीं बसलेला तो कल आहे. हेन्री कार्टर यानें मुंबई बेटाच्या भूरचनेवर इ. स. १८५२ मध्येंच इंग्रजींत निबंध लिहिला होता. जो लेखक हा कल वाचकास दाखवील त्यास परशुराम वगळण्याची गरज पडणार नाहीं. उलट, समुद्राशीं भूमीचें भांडण किती जुनें आहे हें कळल्यावर त्या कथेंतला निराश्रित अधिकच एकाकी दिसेल. दरम्यान दगडाची साक्ष नाहींशी होत आहे. अंधेरीस गिल्बर्ट टेकडी म्हणून कातळाचा एक कडा आहे, सुमारें साठ मीटर उंच, उभ्या स्तंभांनीं बनलेला. माथ्यावर गांवदेवीचें देऊळ आहे, आणि देवळाखालचा भाग तेवढा उभा राहिला. भोंवतालचा कातळ खडीसाठीं फोडला गेला, व आतां घरें त्याच्या पायाशीं येऊन टेकलीं आहेत. देवीनें तो दगड राखला. तो कसा झाला हें सांगणें देवीचें काम नव्हे, तें आपलें आहे.